भीतीचं इंग्रजी

आमच्याकडच्या पोरांचं भीतीचं इंग्रजी एका शब्दात आटोपतं, हॉरर. पिच्चर हॉरर, गणिताचा पेपर हॉरर आणि रात्री केळीला पाणी द्यायला जायचं तर तेही हॉरर. निबंध दिला की प्रत्येक वहीत व्हेरी व्हेरी हॉरर घोस्ट उभं.

आता इरी (eerie) हा शब्द घ्या. थ्री फेज येते रात्री एक वाजता, मोटर चालू करायला वावरात गेलात, वारा पडलेला, पान हलत नाही आणि मळ्यावरचं कुत्रं भुंकता भुंकता एकदम गप्प होतं. दिसलं कोणी नाही, घडलं काही नाही, पण अंगावर काटा, अन् सोबतचा पोरगा म्हणतो, "माले भेव लागी ऱ्हायनं." ते इरी. म्हणून इरी सायलेन्स, इरी लाईट असं छान बसतं, आणि खरंच समोर काही येऊन उभं राहिलं की मग टेरिफाइंग लिहा.

क्रीपी बऱ्याचदा माणसाला लावतात, स्टँडवर एखादा बाबा पापणी न हलवता टक लावून बघत बसतो ना, तो. स्पूकी एकदम हलकं, मूळ डच, लाईट गेल्यावर ओट्यावर बसून मुंजाच्या गोष्टी सांगतात त्या स्पूकी, घाबरायचंही आणि हसायचंही.

हाँटेडला मात्र भाडेकरू लागतो. थाळनेरला तापीकाठी फारुकी सुलतानांच्या जुन्या कबरी आहेत, दिवस मावळताना तिथं एकटं थांबलं तर इरी वाटेल, पण हाँटेड म्हणायला तिथं कोणीतरी वावरत असायला पाहिजे. हा शब्द माणसालाही लागतो बरं, जुनी आठवण पाठ सोडत नाही तो माणूस पण हाँटेडच. भांडी फेकणारं, दारं आपटणारं भूत असेल तर पोल्टरगाइस्ट, जर्मन शब्द आहे, सरळ अर्थ गोंगाट करणारं भूत, आपल्याकडे असल्या प्रकाराला भानामती म्हणून मोकळे होतात.

घोस्टच्या स्पेलिंगमधला एच कशाला, हे पोरं हमखास विचारतात. जुन्या इंग्रजीत तो नव्हताच. विल्यम कॅक्सटनने १४७६ च्या सुमारास इंग्लंडात छपाई सुरू केली, आणि त्याच्या छापखान्यातून फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमकडच्या डच बोलीच्या वळणाने तो एच घुसला असं मानतात. कामाचा काही नाही, पण गाळला तर मार्क जातो.

विच हा शब्द मात्र मी स्पूकीच्या रांगेत बसवत नाही. हॅलोविनला टोपी घालून फोटो काढा, हरकत नाही, पण सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवून बायांना मारहाण झालेली आहे, गावातून हाकललेलं आहे, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा छळ गुन्हा आहे. त्या बाईबद्दल लिहायचं तर ॲक्यूज्ड ऑफ बीइंग अ विच असं पूर्ण लिहायचं, नुसतं विच लिहिलं तर मी लाल रेघ मारतो.