१३५ चौरस फुटांत जिना कुठे बसवायचा?

वस्ती न हलवता, आहे त्याच जागी पक्कं घर. पुण्यात येरवड्यातल्या नेताजीनगर, मदर तेरेसानगर अशा वस्त्यांमध्ये हे काम झालं. २००९ मध्ये फिलिपे बालेस्त्रा आणि सारा योरान्सन या तरुण वास्तुरचनाकारांनी 'स्पार्क' ही संस्था आणि 'महिला मिलन' हे वस्त्यांमधल्या बायकांचं संघटन, यांच्याबरोबर त्याची कल्पना मांडली. प्रत्यक्ष घरांची आखणी पुण्याचे प्रसन्न देसाई यांच्या कार्यालयाने केली. पैसा जेएनएनयूआरएम या केंद्र सरकारच्या शहर-नूतनीकरण मोहिमेतल्या, शहरी गरिबांसाठीच्या योजनेतून आला. घरामागे ३ लाख रुपये धरलेले, त्यात कुटुंबाचा वाटा १० टक्के. कच्ची घरंच बदलायची, ज्यांनी आधीच पक्कं बांधलंय त्यांना हात लावायचा नाही, आणि गल्ल्या आहेत तशाच ठेवायच्या, हे सूत्र.

या कामाबद्दल बोलताना सगळे घरांच्या तीन नमुन्यांवर थांबतात. पहिला दोन मजल्यांचा, पण पाया आणि कॉलम तिसऱ्या मजल्याचा भार धरून केलेले. दुसऱ्यात तळमजला मोकळा, पुढे दुकानाला किंवा गाडीला. तिसऱ्यात मधला मजला मोकळा. नमुने चांगलेच आहेत, पण अशा कामाचा खरा कस नमुन्यात लागत नाही. तो मोजमापात लागतो, आणि जिन्यात.

आधी मोजमाप. योजनेत घराचं चटईक्षेत्र २७० चौरस फूट, म्हणजे २५ चौरस मीटर. दोन मजल्यांत वाटलं तर मजल्याला १३५. समजा एका कुटुंबाची जागा बाहेरून बाहेर १० बाय साडेतेरा फूट आहे. कागदावर बरोबर १३५. पण ९ इंची भिंती बांधल्या की आतली खोली उरते साडेआठ बाय १२, म्हणजे १०२. सहा इंची ब्लॉक वापरले तरी ११२. सहा इंची भिंती धरून आत १३५ हवे असतील तर बाहेरून ११ बाय साडेचौदा, जवळजवळ १६० चौरस फूट जागा लागते. बैठकीत "तुमचे १३५ आहेत, दोन मजल्यांत बसतंय" असं सांगून टाकलं आणि नंतर भिंती आखल्या, तर लोकांना फसवल्यासारखं वाटतं, आणि ते चूक नाही. म्हणून सर्वेक्षणात प्रत्येक घराचं बाहेरचं माप, आतलं माप आणि कोणती भिंत सामाईक आहे, या तिन्ही गोष्टी लिहायच्या. नकाशा तयार झाला की तो घेऊन गल्लीत परत जायचं आणि ज्या बाईचं घर आहे तिच्यासमोर फीत धरायची. दारापुढचा ओटा, मागची मोरी, माळ्यावरचा भाडेकरू हे सगळं याच फेरीत बाहेर येतं.

ज्यांची जागा यापेक्षा लहान, त्यांना दोनच वाटा. एक तर तीन मजले, नाहीतर शेजारच्या तीन-चार कुटुंबांच्या जागा एकत्र करून छोटी इमारत, प्रत्येकाला एक सलग मजला. येरवड्यात हे दुसरंही झालं. एकत्र येण्याला लोक सहज तयार होत नाहीत. स्वतःची जमीन, स्वतःचं दार आणि पुढे वर चढवायचा हक्क, तिन्ही सोडायचे असतात. पण त्याचा एक मोठा फायदा आहे, तो कळायला आधी जिना समजून घ्यावा लागतो.

मजल्याची उंची ९ फूट ४ इंच धरली तर ११२ इंच होतात. एक पायरी ८ इंच उंच, म्हणजे १४ चढ आणि १३ पावटे (पाऊल ठेवायची आडवी जागा). पावटा ९ इंचांचा. सरळ जिन्याची लांबी ९ फूट ९ इंच, रुंदी अडीच फूट. एकूण २४ चौरस फूट गेले. १३५ मधला सहाव्याहून थोडा मोठा हिस्सा जिन्यालाच द्यावा लागतो, आणि हा जिना आधीच उभा आहे, आरामाचा नाही. म्हणून जिन्याखाली संडास घालायचा मोह होतो. इथे डोकं आपटतं, अक्षरशः. उभं राहायला साडेसहा फूट हवेत. जिन्याच्या स्लॅबची जाडी वजा केली तर ही उंची अकराव्या चढाच्या थोडं पुढे मिळते, म्हणजे शेवटच्या जेमतेम दोन फुटांत. तिथे दार आणि उभं राहायची जागा ठेवायची, आणि संडासाचं भांडं आतल्या, उतरत्या बाजूला, जिथे पाच फूट उंची मिळते. उलटं केलं की उठताना रोज कपाळमोक्ष. जागा वाचवायला वळणाच्या तिकोनी पायऱ्या करणं मला पटत नाही. आतल्या कडेला पाऊल ठेवायला जागा उरत नाही, आणि कडेवर मूल घेऊन उतरणारी बाई पडते ती नेमकी तिथेच.

हे सगळं कागदावर कुणालाच दिसत नाही. कापड आणि बांबू घेऊन खऱ्या मापाचं घर उभं करावं. मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी १९८० च्या दशकातच हे करून दाखवलं होतं. त्यांनी १४ फूट उंचीची खोली आणि तिच्यात अर्धा माळा मागितला, कारण दिवसा बसायला आणि रात्री झोपायला जागा त्यातूनच मिळत होती. कापडाच्या घरात खरी कॉट, खरं कपाट, पाण्याचं पिंप आणि गॅसची शेगडी ठेवून बघायची. शेगडी जिन्याच्या पायथ्याशी येते का? आली तर स्वयंपाक चालू असताना वरच्यांना उतरायला वाट नाही.

आता एकत्र इमारतीच्या त्या फायद्याकडे. दोन मजली घरात मोरी-संडास खाली आणि झोपायची खोली वर, असंच बहुतेक वेळा होतं. ज्या घरात पक्षाघात झालेले आजोबा आहेत किंवा पोलिओमुळे अधू झालेली मुलगी आहे, त्यांना नवं घर जुन्या झोपडीपेक्षा अवघड पडतं. झोपडी निदान एका पातळीवर तरी होती. एकत्र इमारतीत त्यांना तळमजल्यावर सलग २७० चौरस फूट देता येतात. म्हणून सर्वेक्षणाच्या तक्त्यात एक रकाना असलाच पाहिजे: या घरात जिना कोण चढू शकत नाही? तळमजला कुणाला, हे चिठ्ठी टाकून ठरवण्याआधी हा रकाना वाचायचा. तो नंतर भरला तर उपयोग नाही, तोवर शेजाऱ्यांमध्ये वाटण्या झालेल्या असतात.

तळमजला मिळाला तरी जोतं आडवं येतं. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून जोतं दीड फूट उचलतात. चाकाच्या खुर्चीला चढ हवा १२ ला १, म्हणजे दीड फुटाला १८ फूट लांब. सहा फुटी गल्लीत तो बसवायचा कुठे? त्या एका दाराशी जोतं सहा इंचांवर ठेवलं तर सहा फुटांचा उतार पुरतो, आणि तो गल्लीत न काढता इमारतीच्या आत घेता येतो. मात्र सहा इंचांवर भागवायचं असेल तर गल्लीचं पाणी आधी वाहून गेलं पाहिजे. गटाराचा उतार, चेंबरची झाकणं, छपराचं पाणी कुठे पडतं, हे घराच्या आराखड्याइतकंच काटेकोर काढावं लागतं.

बांधताना सर्वांत धोक्याची वेळ पाया खणायची. एका बाजूला शेजाऱ्याची विटामातीची भिंत आणि तिच्या बुंध्याशी आपण चार-पाच फूट खोल खड्डा घेतो. सगळे खड्डे एकदम खणले की भिंत बसते. एकाआड एक खणायचे, शेजारच्या भिंतीला टेकू द्यायचा, काँक्रीट भरून झालं की मगच मधले खणायचे. हद्दीवरच्या कॉलमचं फुटिंग, म्हणजे त्याच्या तळाचा पसरट पाया, शेजारी पसरवता येत नाही, त्यामुळे ते एकांगी होतं. त्याला आतल्या फुटिंगशी बीमने बांधावं लागतं. हा खर्च सुरुवातीच्या अंदाजात धरलेला नसतो. तसंच ढुलाईचं. ट्रक गल्लीच्या तोंडाशी थांबतो, पुढे वाळू-खडी घमेल्यानेच जाते.

तिसऱ्या मजल्यासाठी वर सोडलेल्या सळया उघड्या राहिल्या तर गंजतात. त्यांना सिमेंटची स्लरी लावून वर हलक्या काँक्रीटची टोपी बसवावी, म्हणजे पुढे फोडून सळई जोडता येते. गच्चीवर जायचा जिना मात्र आत्ताच करायचा. तो नसेल तर दोन वर्षांत लोखंडी शिडी बाहेर गल्लीत येते.

आणि गल्लीचं काँक्रीट. घरं झाली की जुन्यावर तीन-चार इंचांचा नवा थर टाकतात, पुढच्या वेळी आणखी एक. ज्यांनी आधी स्वतःच्या पैशाने पक्कं बांधलं, त्यांचे उंबरे खाली जातात आणि पहिल्या पावसात पाणी त्यांच्याच घरात शिरतं. जुना थर आधी फोडून काढायचा, उंबऱ्यांच्या पातळ्या घराघरानुसार लिहून ठेवायच्या, आणि नवं काँक्रीट सर्वांत खालच्या उंबऱ्याच्या किमान चार इंच खाली थांबवायचं.