तंजावर: दीड दिवसाचा आराखडा

दीड दिवसात तमिळनाडूतली चोळ मंदिरांची तीन गावं: तंजावर, दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरम. नवऱ्याने वहीत तासातासाचा हिशेब मांडला होता. तो हॉटेलातल्या पोंगलनेच मोडला. दुसरी वाटी, मग कॉफी, मग परत कॉफी.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात पोचलो तेव्हा साडेअकरा. मंदिर दुपारी बंद होतं, हे वहीत कुठेच नव्हतं. चपला बाहेर ठेवलेल्या आणि फरशी तापून तवा झालेली. नंदीपर्यंत अक्षरशः सावलीतून सावलीत उड्या मारत गेलो. इ. स. १०१० मध्ये पुरं झालेलं ते सुमारे २०० फुटी विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, मी पहिल्यांदा एका पायावर उभं राहून बघितलं!

चारनंतर परत गेलो. आता दगड कोमट होता. मंदिराच्या आवाराच्या भिंतीवर तो १८०३ चा मराठी शिलालेख, तंजावरच्या मराठा सरफोजीराजांनी कोरून घेतलेला भोसल्यांचा इतिहास. ओळीच्या ओळी. मी हवेतच बोट फिरवत वाचत होते. निम्मं लागत नव्हतं, मधेच एखादा ओळखीचा शब्द लागला की उगाच मोठ्याने म्हणायचे. शेजारच्या तमिळ आजी माझ्याकडे बघून हसल्या. भाषा कळत नव्हती, पण मी भिंतीशी बोलतेय हे त्यांना कळलं असावं.

सूर्य कलला, विमान मधाच्या रंगाचं झालं. तासभर हललो नाही.

गंगैकोंडचोळपुरम वहीतून खोडलं. सकाळी सरस्वती महाल ग्रंथालय, जमलं तर दारासुरम. पोंगल मात्र ठरलेलं आहे.