गावातलं ब्रॉडबँड, व्हिडिओ आणि रात्री नऊचं बिल

ग्राहकाने महिन्याला किती जीबी वापरले, यावर गावातल्या नेटवर्कचा खर्च ठरत नाही. तो ठरतो रात्री नऊच्या गर्दीवर. ४०० जोडण्या आणि गर्दीत दर जोडणीला सरासरी २.५ एमबीपीएस धरले, तर १ जीबीपीएस लागतो. म्हणजे १ जी (१ जीबीपीएसची) अपलिंक, गावाला बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारी लाइन, तिथेच भरली; १० जीचं मॉड्यूल आणि ते चालणारा स्विच घ्या. दुपारी हीच लाइन बरीचशी रिकामी, पण भाडं पूर्ण.

यूट्यूब, नेटफ्लिक्सचे कॅश सर्व्हर, म्हणजे व्हिडिओच्या प्रती ग्राहकाजवळ ठेवणारे सर्व्हर, पुरेशी ट्रॅफिक असलेल्या ऑपरेटरलाच मिळतात. छोट्याने मुंबईच्या एक्स्चेंजवर (नेटवर्क एकमेकांना जोडायची जागा) पीअरिंग केलं, म्हणजे दुसऱ्या नेटवर्कशी थेट जोडणी केली, तर ट्रान्झिट, म्हणजे मोठ्या ऑपरेटरकडून विकत घेतलेलं इंटरनेट, वाचतं. तालुका ते मुंबई लाइनचं भाडं मात्र सुटत नाही, आणि खरी रक्कम बहुधा तिथेच जाते. म्हणून शेजारच्या ऑपरेटरांनी ट्रॅफिक एकत्र करून जिल्ह्याच्या ठिकाणी कॅश मागावा, हे मला जास्त पटतं.

कॅश बसूनही बिल उतरलं नाही, तर आधी बीजीपी बघा, म्हणजे कुठले आयपी पत्ते आपल्याकडे आहेत हे नेटवर्क एकमेकांना ज्यातून सांगतात ती पद्धत. नवा आयपी ब्लॉक (ग्राहकांना द्यायच्या पत्त्यांचा गट) कॅशला जाहीर करायचा राहिला, की ते ग्राहक थेट ट्रान्झिटवरून व्हिडिओ ओढतात.