माळेगाव ते बर्मिंगहॅम: अण्णांबरोबर क्रफ्ट्समध्ये एक दिवस

बर्मिंगहॅम इंटरनॅशनलला गाडी थांबली, तेव्हा आमच्या डब्यातून माणसांबरोबर पाच कुत्रीही उतरली. त्यातल्या एकीचे कान आणि मान रंगीत कापडाच्या नळीत गुंडाळलेली होती, म्हाताऱ्या बाईनं थंडीत कानपट्टी बांधावी तशी. अण्णा लेस्टरपासून तिच्याकडेच बघत होते. शेवटी त्यांनी मला विचारायला लावलंच, "थंडी वाजती का तिला?" मालकीणबाई हसून म्हणाल्या, थंडीसाठी नाही, खातापिताना कानाचे लांब केस भिजू नयेत म्हणून. अण्णांनी मान डोलावली. एवढ्या निगुतीचं त्यांना मनापासून कौतुक वाटलं.

अण्णा माझे वडील. अहमदपूर तालुक्यातला आमचा गाव. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते तेव्हा ते इथे माझ्याकडे होते आणि यात्रा चुकल्याची खंत त्यांच्या बोलण्यात सारखी येत होती. माळेगावला घोडे, गाढवं, बैल यांचा बाजार भरतो, तसं कुत्र्यांचंही प्रदर्शन असतं. खंडोबाबरोबर कुत्रं असतंच, तेव्हा त्याच्या यात्रेत कुत्र्याला मान नसेल तरच नवल. आमच्या घरी आजोबांपासून कारवानी कुत्री होती. मी लहान असताना शेवटची होती ती पश्मी, म्हणजे कान-शेपटीला झुपकेदार केस असलेली. म्हणून मार्चमध्ये क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या मोठ्या प्रदर्शनाची तिकिटं काढताना मी मुद्दाम हाउंड, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या गटाचा दिवस निवडला.

स्टेशनातून छताखालच्या लांब वाटेनं चालत गेलं की थेट एनईसीची, म्हणजे नॅशनल एक्झिबिशन सेंटरची, प्रदर्शनगृहं लागतात. चार्ल्स क्रफ्ट हा कुत्र्यांची बिस्किटं विकणाऱ्या कंपनीतला माणूस. त्यानं 1891 मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागात आपल्या नावाचं पहिलं प्रदर्शन भरवलं. 1991 पासून ते इथे बर्मिंगहॅमला भरतं. चार दिवस, सात गट, हजारो कुत्री. आपलं कुत्रं मात्र बरोबर आणता येत नाही. ज्यांची नोंद झालेली आहे तीच आत.

पहिला तास वाया गेला. आम्ही एका दालनातून दुसऱ्यात नुसते फिरत राहिलो. हिरव्या गालिच्यांची रिंगणं, त्यांत गोल धावणारी माणसं, मध्येच टाळ्या, मध्येच कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी. कोण जिंकलं, का जिंकलं, काही उलगडेना. शेवटी एका रिंगणाच्या कडेला टेकलो. शेजारी घडीच्या खुर्चीवर एक वयस्क बाई विणकाम घेऊन बसल्या होत्या. आम्ही नवखे आहोत हे त्यांनी ओळखलं आणि म्हणाल्या, "सगळं बघायला जाऊ नका. एक जात धरा आणि तिचं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा. आणि तोंडाकडे नाही, पायांकडे बघा."

पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते. आम्ही सलुकी या हाउंड जातीचं रिंगण धरलं.

सलुकी आत आले आणि अण्णा उभेच राहिले. "अगं, ही तर आपली पश्मीच की!" तीच निमुळती मान, आत ओढलेलं पोट, कानांवरून उतरणारे रेशमी केस. त्यांतच एक लांब केस नसलेला, गुळगुळीत अंगाचा सलुकी होता. तो लातूरच्या वाटेवर दिसला असता तर कुणीही त्याला कारवानीच म्हटलं असतं. सलुकी पश्चिम आशियातला. आमच्याकडची ही कुत्री अशाच तिकडच्या कुत्र्यांच्या वंशातली, काफिल्यांबरोबर आलेली, असं मानतात. कारवान हे नावही त्यावरूनच पडलं म्हणतात.

मी कॅटलॉग विकत घेतला. जाडजूड पुस्तक असतं ते. हँडलरच्या, म्हणजे कुत्र्याला रिंगणात चालवणाऱ्याच्या, अंगावर जो क्रमांक असतो, तो त्यात काढायचा की कुत्र्याचं पूर्ण नाव, जन्मतारीख, आई, बाप, पैदास कुणाची, सगळं सापडतं. मी वाचून दाखवत होते आणि अण्णा बोटांवर नाती जोडत होते. "म्हंजे मघाचा पहिला आन् हा, बाप एकच." दोन्ही कुत्र्यांची पाठ कंबरेजवळ सारखीच किंचित उचललेली होती, हे त्यांनी मला दाखवलं तेव्हा कुठे मला ते दिसलं.

परीक्षकाचं काम हळूहळू कळत गेलं. आधी सगळ्यांना एकदा गोल धावायला लावतात. मग एकेकाला पुढे घेतात. दात बघतात, डोकं दोन्ही हातांत धरतात, खांद्यावरून, छातीवरून, कंबरेवरून हात फिरवत मागच्या पायांपर्यंत जातात. मग कुत्र्याला त्रिकोणात आणि सरळ रेषेत चालवतात. समोरून येताना पुढचे पाय सरळ पडतात का, जाताना मागचे एकमेकांना घासतात का, बाजूनं ढांग किती लांब पडते, ते तेव्हा दिसतं. नर आणि मादी वेगळे, वयाप्रमाणे आणि आधीच्या यशाप्रमाणे वर्ग वेगळे. शेवटी सर्वोत्तम नराला आणि सर्वोत्तम मादीला एकेक चॅलेंज सर्टिफिकेट मिळतं. तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून अशी तीन मिळाली की कुत्रं चॅम्पियन म्हणवतं. मग जातीतलं सर्वोत्तम, त्यातून गटातलं, आणि रविवारी रात्री सात गटांच्या सात विजेत्यांतून एक. 2025 मध्ये ते इटलीहून आलेल्या एका व्हिपेटनं जिंकलं होतं.

मुख्य गोष्ट मला विणकामवाल्या बाईंनी सांगितली. परीक्षक खरं म्हणजे एका कुत्र्याची दुसऱ्याशी तुलना करत नाही. प्रत्येक जातीचं एक लिखित वर्णन असतं, त्याला स्टँडर्ड म्हणतात. त्या वर्णनाच्या सगळ्यांत जवळ कोण, एवढंच तो शोधतो. सलुकीच्या वर्णनात वेग आणि दम दोन्ही आहेत, आणि डोळे 'दूरवर पाहणारे' असावेत असं लिहिलेलं आहे. मी अण्णांना हे मराठीत सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपली पश्मी बांधावर बसायची, तव्हा असंच बघायची."

इथली सगळी कुत्री प्रदर्शनाच्या दिवशी बेंचवर, म्हणजे क्रमांक घातलेल्या कप्प्यांत बसलेली असतात. लोकांनी जवळ जाऊन बघावं, विचारावं, यासाठीच ती सोय. रिंगणात जायच्या आधी कुणाला बोलण्यात गुंतवू नये. हँडलरचं चित्त कुत्र्यावर असतं. परत आले की मात्र माणसं भरभरून बोलतात. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा एक नियम पक्का ठेवला की झालं. दुपारी आम्ही त्या गुळगुळीत सलुकीच्या बेंचशी गेलो. अण्णांनी दोन्ही हात जोडले, मग कुत्र्याकडे बोट केलं. मालकानं होकार दिला. अण्णांनी त्याच्या कमरेच्या दोन हाडांमध्ये बोटं टेकवली, बरगडीवरून तळवा फिरवला, पंजा उचलून बोटांमधली कातडी बघितली. मालक माझ्याकडे वळून म्हणाला, "यांना कुणी शिकवलं?" मी म्हटलं, माझ्या आजोबांनी. त्या काळी सशामागे धावलेल्या कुत्र्याचीच किंमत व्हायची. आता शिकारीला कायद्यानं बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण धावणारं कुत्रं हातानं ओळखणारी माणसंही कमी होत चालली आहेत, याचं मला वाईट वाटतं.

सगळंच बघून आनंद झाला असं नाही. डिस्कव्हर डॉग्ज नावाच्या विभागात सगळ्या जाती जवळून बघता येतात. तिथे काही चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचा श्वास मला चार पावलांवरून ऐकू येत होता. मला तिथे उभं राहवेना. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर आपल्याकडे घरोघरी पग आले, त्यांचे उन्हाळ्यातले हाल मी पाहिले आहेत. हा वाद इथेही जुना आहे. 2008 मध्ये बीबीसीवर शुद्ध पैदाशीच्या कुत्र्यांच्या आजारांवर एक माहितीपट आला, त्यानंतर बीबीसीनं क्रफ्ट्स दाखवणं थांबवलं. 2012 मध्ये 15 जातींच्या विजेत्यांना पुढच्या फेरीआधी पशुवैद्याकडून तपासणी सक्तीची झाली, आणि त्या वर्षी बुलडॉग, पेकिनीज यांचे विजेते त्यात अडले. वर्णन कागदावर लिहिणारा माणूसच असतो; ते बदलायलाही माणसानंच पुढे यायला हवं.

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन आम्ही अजिलिटी बघायला मोठ्या अरीनात गेलो. हा खेळ क्रफ्ट्समध्येच जन्मला. 1978 मध्ये दोन कार्यक्रमांच्या मधली वेळ भरून काढायला घोड्यांच्या अडथळा शर्यतीसारखं काहीतरी कुत्र्यांसाठी मांडलं, ते लोकांनी डोक्यावर घेतलं. आधी हँडलर कुत्र्याशिवाय मैदानात येतात आणि हातवारे करत वाट पाठ करतात, कीर्तनाआधी बुवांनी मनात अभंग घोळवावा तसे. मग कुत्रं सुटतं. उड्या, बोगदा, नागमोडी पार करायची, ओळीनं रोवलेल्या काठ्यांची रांग, हलती फळी. फळीवरून उतरताना टोकाच्या रंगीत पट्ट्यावर पाय पडायलाच हवा. त्याआधीच उडी मारली की पाच गुण दंड. आडवी काठी पडली तरी पाच. हे दोन नियम ठाऊक असले की आपोआप श्वास रोखला जातो.

पण अण्णांना भावला तो फ्लायबॉल. दोन संघ शेजारी शेजारी, प्रत्येकात चार कुत्री. चार अडथळे ओलांडायचे, पेटीवर पाय मारायचा, चेंडू उसळतो तो तोंडात धरायचा आणि परत. मग दुसरं सुटणार. भुंकण्याचा एवढा गलका की शेजारच्याशी बोलता येत नाही. अडथळ्यांची उंची मात्र संघातल्या सगळ्यांत ठेंगण्या कुत्र्याच्या मापानं ठरते, म्हणून वेगवान कोलींच्या संघात एखादं बुटकं टेरियर हमखास असतं. मी हे ओरडून अण्णांच्या कानात सांगितलं. ते म्हणाले, "बरोबरंय. औताची चाल बारक्या बैलाच्या चालीवर." आणि पुढच्या फेरीत ते टेरियर चेंडू घेऊन परत आलं तेव्हा अण्णांनी दोन्ही हात वर करून "येळकोट येळकोट!" अशी आरोळी ठोकली. मागच्या रांगेतल्या चार पोरांनी, अर्थ न कळता, ती उचलली.

परतीच्या गाडीत अंधार पडला होता. लेस्टर यायला अर्धा तास होता तेव्हा अण्णांनी माझा फोन मागितला. गावी रात्रीचे बारा वाजून गेले असतील, असं मी म्हटलं. "बाळू जागा असतो," ते म्हणाले. बाळूकाकांच्या मळ्यात गेल्या महिन्यात कारवानी कुत्रीला पिल्लं झाली आहेत. काका फोनवर आले तेव्हा अण्णांनी खुशालीही विचारली नाही.

"वही हाय का हाताशी? मंग लिही. पिल्लांची तारीख, आई, बाप, आईची आई. माहीत हाय तेवढं समदं लिही. मी आलो की बघतो."

काकांनी पलीकडून काहीतरी विचारलं. अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नाव नंतर ठिव. आधी तारीख लिही."