तुम्ही विचारलंत म्हणून: जीन्सला खळ कशाला?

"जीन्स मुळातच जाड, तिला आणखी खळ कशाला?" माझी कडक इस्त्रीची जीन्स पाहिली की हा प्रश्न येतोच. पाठोपाठ दुसरा येतो: "घरी जमतं का?" जमतं. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते.

खळ जीन्सला परकी नाही. डेनिम, म्हणजे जीन्सचं कापड, विणण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांना खळ देतात, म्हणजे मागावर घासून ते तुटत नाहीत. कोरी, न धुतलेली डेनिम पुठ्ठ्यासारखी ताठ असते ती बरीचशी या खळीमुळेच. पुढे धुण्यात ती निघून जाते. आपण घरी तीच परत देतो. कापड ताठ राहतं, पायाची रेघ दिवसभर टिकते आणि मळ धाग्यात मुरण्याऐवजी बराचसा खळीवर बसतो. पुढच्या धुण्यात खळीबरोबर तोही जातो.

मात्र खळ धाग्यात मुरायला हवी, नुसती वर बसून उपयोग नाही. मी पहिल्यांदा केली तेव्हा कॉर्नफ्लोअर थेट उकळत्या पाण्यात टाकलं. क्षणात गुठळ्या झाल्या. तशीच वापरली, तर काळ्या जीन्सवर पांढरे डाग पडले आणि इस्त्रीच्या तव्याला तपकिरी पापुद्रा चिकटला. तेव्हापासून दोन मोठे चमचे पीठ आधी वाटीभर गार पाण्यात कालवते, मग लिटरभर उकळत्या पाण्यात धार धरून ओतते आणि हात न थांबवता ढवळते. साधारण ६५ ते ७० अंशांच्या आसपास पिठाचे कण पाणी पिऊन फुगतात, पुढे फुटतात. दुधासारखं पांढरं पाणी पारदर्शक होऊ लागलं की खळ शिजली. फडक्यातून गाळून घ्यायची आणि कोमट होऊ द्यायची.

जीन्स धुतलेली, ओली आणि उलटी केलेली हवी. फॅब्रिक सॉफ्टनर लावलेला नको, त्याचा थर खळ आत जाऊ देत नाही. खळीत बुडवून हातांनी चांगली दाबायची, विशेषतः कमरपट्टी आणि शिवणींपाशी. मग पिळायची, झटकायची आणि वाळत घालायची.

आता खरी कसोटी. पूर्ण वाळू द्यायची नाही. हाताला गार, दमट लागते तेव्हाच उतरवायची. खडखडीत वाळलीच, तर पाणी शिंपडून गुंडाळून ठेवायची, तासाभरात दमटपणा सारखा पसरतो. आधी उलट्या बाजूने खिसे आणि कमरपट्टी. मग सुलटी करून एका पायाच्या आतल्या आणि बाहेरच्या शिवणी एकमेकींवर तंतोतंत जुळवायच्या. त्या जुळल्या की रेघ आपोआप जागेवर येते, ओढाताण करावी लागत नाही. वर पातळ सुती फडकं, नाहीतर कापडावर तकाकी येते. सुती कपड्यांच्या तापमानावर इस्त्री ठेवून दाबायची, उचलायची, पुढे सरकायचं. घासलीत तर दमट कापड ताणलं जातं आणि रेघ वाकडी होते.

एक पाय झाला की तो पूर्ण गार होईपर्यंत हलवू नका. गरम कापड अजून मऊच असतं, गार होताना ते आकार धरतं. इथे घाई केली की आधीची सगळी मेहनत वाया जाते. नीट झालेल्या जीन्सच्या प्रत्येक पायाचे दोन्ही थर आतून एकमेकांना हलके चिकटलेले असतात. पहिल्यांदा पाय घालताना ते करकरत सुटतात. तो आवाज मला फार प्रिय आहे.

स्ट्रेच जीन्सला हे करू नका. तिच्यातलं इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, इतकी उष्णता सोसत नाही. शिवाय गडद निळ्या जीन्सवर रोज त्याच जागी रेघ पाडू नका. नीळ, म्हणजे जीन्सचा निळा रंग, धाग्याच्या वरवरच बसलेली असते, गाभा पांढराच राहतो. रेघेच्या कडेवर नीळ झिजली की तिथे पांढरी रेषा उमटते, आणि ती मग जात नाही. मला ती आवडत नाही, म्हणून मी तिसऱ्या-चौथ्या धुण्यालाच खळ देते.

खळीची जीन्स महिनोन्महिने कपाटात ठेवू नका, कसर लागते. ठेवायचीच असेल तर खळ धुऊन काढून, पूर्ण वाळवून मगच घडी घाला.