माझा अनुभव: सेव्हियातली सेगवे टूर आणि 45 किलोंची अट

स्पेनमधल्या सेव्हिया शहरात सेगवेवरून (उभं राहून चालवायची दोन चाकांची विजेवरची गाडी) फिरायचा बेत असेल आणि तुमच्याबरोबर कोणी अंगाने किडकिडीत असेल, तर पैसे भरण्याआधी त्या व्यक्तीचं वजन करा आणि वजनाची चिठ्ठी जवळ ठेवा. टूर छान झाली, तेही सांगते. पण हे आधी सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिताच येणार नाही. माझ्या आईला टूर कंपनीच्या काउंटरवर ज्या पद्धतीने ‘नाही’ म्हणाले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

आई 66 वर्षांची. पुण्यात सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड विभागात नोकरी केली आणि निवृत्त होईपर्यंत लूनावरून ऑफिसला गेली. लक्ष्मी रोडच्या गर्दीतून, पावसात, मागे भाजीची पिशवी बांधून. आता गुडघे कुरकुरतात. उभं राहायला तिला काही होत नाही, पण दगडी फरशीवरून लांब चालणं नको वाटतं. सेव्हियात बघायच्या जागा तर पसरलेल्या. कॅथेड्रल, अल्काझार राजवाडा आणि आर्किव्हो दे इंदियास हा जुना दप्तरखाना एकमेकांना लागून आहेत (तिन्ही मिळून 1987 पासून युनेस्कोच्या वारसा यादीत), पण प्लाझा दे एस्पान्या हा मोठा चौक तिथून चांगला लांब, आणि नदीकाठचा तोरे देल ओरो बुरूज दुसऱ्या बाजूला. शहर मात्र सपाट, सायकलींसाठी वेगळे रस्ते भरपूर. म्हणून सेगवे. बुकिंगच्या पानावर लिहिलं होतं: वय किमान 14, पूर्वानुभवाची गरज नाही, हेल्मेट मिळेल. मी तरी ईमेल करून विचारलं, माझी आई 66 वर्षांची आहे, चालेल ना? एका ओळीचं उत्तर आलं, वयाची काही अडचण नाही. पैसे भरले.

ऑफिस सापडलं, वेळेच्या आधी पोचलो, इथवर सांगण्यासारखं काही नाही.

काउंटरवरच्या मुलीने फॉर्म दिले. नाव, पासपोर्ट नंबर, अपघात झाल्यास जबाबदारी आमची असं लिहून देणारा मजकूर, डिपॉझिटसाठी कार्ड. त्यातच एक रकाना होता, वजन. आईचं वजन मी 46 लिहिलं, निघण्याआधी डॉक्टरांकडे केलं होतं म्हणून पक्कं माहीत होतं. त्या मुलीने फॉर्म वाचला, मान वर केली, आईकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि मला म्हणाली, “यांना नाही जाता येणार. किमान 45 लागतं.” मी म्हटलं, 46 लिहिलंय. ती म्हणाली, “त्या तेवढ्या वाटत नाहीत.”

आईला इंग्रजी उत्तम कळतं. हे बोलणं तिच्यासमोर चाललं होतं.

मी म्हटलं, काटा आणा, आत्ता करू वजन. तर काटा नाही! ज्या धंद्यात वजनावरून माणसाला आत घ्यायचं की परत पाठवायचं हे ठरतं, तिथे वजनकाटा नाही. मग ठरवता कशावरून? “आम्हाला अंदाज येतो,” हे उत्तर. पैसे परत द्या म्हटलं, तर म्हणे 24 तास आधी रद्द केलं तरच मिळतात. तुम्ही एकट्या जाऊ शकता, ग्रुप पाच मिनिटांत निघतोय.

आई हळूच म्हणाली, “अगं तू जा ना. मी बसते इथे बाकावर, संत्र्याच्या झाडाखाली. छान वास येतोय.” ती हे मनापासून म्हणत होती आणि त्यामुळेच मला जास्त लागलं. आयुष्यभर ती अशीच बाकावर बसत आली आहे. मी म्हटलं, आई, आपण दोघी जाणार, नाहीतर कोणीच नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. 45 किलोंची अट चुकीची नाही. सेगवेला ब्रेक नसतो आणि ॲक्सिलरेटरही नसतो. तुम्ही पुढे झुकलात की आतले जायरोस्कोप ते ओळखतात आणि तोल सावरायला चाकं पुढे पळतात, मागे झुकलात की वेग कमी होतो. म्हणजे थांबायचं ते शरीराच्या वजनावर. माणूस फार हलका असेल तर मागे झुकूनही गाडी हवी तशी थांबत नाही, उतारावर तर नाहीच. वरची मर्यादाही असते, साधारण 117 किलो. नियम सुरक्षिततेचा आहे, तो पाळलाच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की तो पैसे घेण्याआधी सांगा आणि काट्यावर मोजा. माणसाकडे बघून मोजू नका.

तेवढ्यात ग्रुप निघाला. आमच्याशिवाय. त्या ग्रुपच्या गाइडला काय वाटलं कोण जाणे, जाता जाता थांबून म्हणाला, “फार्मासियात (औषधाच्या दुकानात) काटा असतो, चिठ्ठी छापून मिळते. ती घेऊन या. संध्याकाळच्या ग्रुपला मीच आहे.” काउंटरवरची मुलगी काही बोलली नाही. मी तिच्याकडून आमच्या फॉर्मवर लिहून घेतलं की चिठ्ठी आणली तर याच पैशांत संध्याकाळी जाता येईल. हे लिहून घेतलं ते फार बरं झालं.

स्पेनमध्ये औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो, लांबून दिसतो. पण आम्ही बाहेर पडलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते आणि दोननंतर तिथली बरीच दुकानं पाचपर्यंत बंद. पहिल्या फार्मासियाचं शटर खाली. दारावर कागद चिकटवलेला, त्यावर त्या दिवशी ‘दे ग्वार्दिया’ म्हणजे पाळीवर उघडी असलेल्या दुकानांचे पत्ते. (हे लक्षात ठेवा, आजारी पडलात तर फार उपयोगी. प्रत्येक बंद फार्मासियाच्या दारावर हा कागद असतो.) त्या पत्त्यावर पोचलो, दुकान उघडं, पण काटा नाही. तिथल्या काकूंनी बाहेर येऊन हात करून दाखवलं, सरळ जा, मग डावीकडे. आईचे गुडघे मला तिच्या चालण्यात दिसत होते. ज्या चालण्यातून तिला वाचवायला सेगवे घेतली, तेच चालणं भर उन्हात चाललं होतं आणि तेही एका काट्यासाठी! मला रडू यायचं बाकी होतं. आई मात्र गल्लीतल्या खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या बघत, शांतपणे, थांबत थांबत येत होती.

अखेर मिळाला. माणसाच्या उंचीचं यंत्र, नाणं टाकायचं, वर उभं राहायचं, वरून एक पट्टी येऊन डोक्याला टेकते आणि उंची-वजन छापलेली चिठ्ठी बाहेर येते. आईने बूट काढले, पर्स माझ्याकडे दिली, कार्डिगनही काढलं. मी म्हटलं, “अगं असू दे ना बूट, बूट घालूनच चालवायचीये.” तर म्हणाली, “उद्या कोणी म्हणायला नको, बुटांनी भरलं वजन.”

46.2.

ती चिठ्ठी मी काउंटरवर ठेवली तेव्हा माझा हात थरथरत होता. त्या मुलीने वाचली, फॉर्मला टाचली, म्हणाली, साडेसहाला या. ‘सॉरी’ नाही. आईने तिला ‘ग्रासियास’ (धन्यवाद) म्हटलं. मी नाही म्हटलं.

आता टूर.

आधी पंधरा-वीस मिनिटं शिकवतात, मोकळ्या जागेत. गाडी ‘कासव’ मोडमध्ये टाकतात, म्हणजे वेग कमी आणि वळणं हळू. सगळ्यात अवघड क्षण चढण्याचा. एक पाय ठेवला की गाडी हलू लागते आणि मन म्हणतं मागे हो. मागे व्हायचं नाही, दुसरा पाय सरळ ठेवायचा. वळायचं तर मधला दांडा त्या बाजूला कलवायचा. ग्रुपमधली एक उंच मुलगी पुन्हा पुन्हा उतरत होती. आईची बोटं आधी सवयीने लूनाचा ब्रेक शोधत होती, मग तिला टाचांवर वजन टाकायची युक्ती सापडली आणि ती सरळ निघाली. गाइड म्हणाला, बाकीच्यांनी या बाईंकडे बघा. मला इतका आनंद झाला की मी स्वतः काय करतेय याकडे माझं लक्षच नव्हतं. पूर्ण वेगात गाडी ताशी 20 किलोमीटरपर्यंत जाते, पण टूरमध्ये तेवढी सोडत नाहीत. मर्यादेवर गेलात की दांडा आपोआप मागे, तुमच्या अंगावर येतो. तेव्हा त्याला पुढे ढकलू नका.

ओढणी घेऊ नका, किंवा घट्ट बांधा. बूट सपाट तळाचे हवेत. पाठीला सॅक चालते, पण हँडलला पिशवी अडकवू देत नाहीत, त्याने तोल बिघडतो.

फुटपाथवर जाता येत नाही. 2021 च्या जानेवारीपासून स्पेनभर अशा वाहनांना फुटपाथ बंद आहे. सेव्हियात 2006-07 च्या सुमारास सायकल मार्गांचं मोठं जाळं एकदम बांधलं गेलं, त्यावरून आपण जातो. मागून सायकलवाले जोरात येतात, उजवी बाजू सोडू नका. सांताक्रूझ या जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांत गाइड नेत नाही, त्या पायीच बघायच्या.

आर्किव्हो दे इंदियासपाशी गाइड दोनच मिनिटं थांबणार होता, पण आईने इतके प्रश्न विचारले की बराच वेळ गेला. अमेरिकेतल्या आणि फिलिपिन्समधल्या स्पॅनिश राजवटीचे कागद तिथे आहेत. इमारत मुळात व्यापाऱ्यांची होती, 1785 मध्ये तिसऱ्या कार्लोस राजाच्या काळात तिथे दप्तरखाना झाला. कागद कशात बांधतात, वाळवी लागते का, अर्ज कोणाकडे करायचा, हे आईचे प्रश्न. पुण्यात पेशवे दप्तरातले मोडी कागद रुमालात बांधून ठेवतात, हे तिने गाइडला हातवारे करून समजावलं. माझ्यासाठी टूरमधला हा भाग सगळ्यात मोलाचा.

पुढे जुना तंबाखूचा कारखाना. अठराव्या शतकातली अवाढव्य दगडी इमारत, आता तिथे विद्यापीठ आहे. मग मारिया लुईसा बाग, झाडांखालचा गारवा, आणि प्लाझा दे एस्पान्या. गाड्या बाहेर लावून आत चालत गेलो. 1929 च्या इबेरो-अमेरिकन प्रदर्शनासाठी आनिबाल गोन्झालेझ या वास्तुविशारदाने बांधलेलं हे प्रचंड अर्धवर्तुळ. समोर कालवा, त्यावर चार पूल, आणि भिंतीला लागून स्पेनच्या एकेका प्रांताची रंगीत फरशांनी मढवलेली बाकं. संध्याकाळचं ऊन विटांवर तिरपं पडलं होतं. दुपारच्या ग्रुपला हे मिळालं नसतं, हे मला त्या क्षणी कबूल करावंसं वाटत नव्हतं, पण खरं आहे. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या मानाने बरंच पुढे आहे, एप्रिलमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो. तेव्हा साडेसहाचीच वेळ घ्या. उन्हाळ्यात तर दुपारची टूर घेऊच नका, जुलै-ऑगस्टमध्ये पारा 40 च्या वर जातो.

परतताना नदीकाठ, ग्वादाल्किविर. तोरे देल ओरो हा बारा बाजूंचा बुरूज, 1220-21 मध्ये अल्मोहाद या मुस्लिम राजवटीत नदीवर पहारा ठेवायला बांधलेला. 1519 मध्ये मॅगेलन या दर्यावर्दीची पाच जहाजं याच शहरातून निघाली होती. तीन वर्षांनी पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून एकच परत आलं, ‘व्हिक्टोरिया’, अठरा माणसं आणि लवंगांचा माल घेऊन. “लवंगांसाठी एवढं?” आई म्हणाली. तिथून त्रियाना पुलाकडे लांब सरळ रस्ता आहे. गाइडने कासव मोड काढला आणि आई माझ्या पुढे निघून गेली. तिचा तो फोटो मी काढू शकले नाही, चालवताना फोन हातात घेऊ देत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

बुकिंग करताना आणखी एक विचारा, गाडी खरंच सेगवे आहे की ई-स्कूटर. दोन समांतर चाकांच्या मूळ सेगवेचं उत्पादन 2020 मध्ये बंद झालं, त्यामुळे टूरवाल्यांकडच्या गाड्या जुन्या असतात. निघण्याआधी बॅटरी किती आहे तेही बघा. डिपॉझिट सुटल्याचा मेसेज येईपर्यंत काउंटर सोडू नका.

घरी आल्यावर मी कंपनीला सविस्तर लिहिलं. वजनाची अट आता बुकिंगच्या पानावर वरच दिसते. काट्याबद्दल मात्र उत्तर आलेलं नाही, मी पुन्हा लिहिणार आहे.

आणि गुडघेदुखीवाल्यांसाठी एक राहिलंच. कॅथेड्रलचा हिराल्दा मनोरा बघून “इतक्या पायऱ्या नको” म्हणू नका. तो मुळात मशिदीचा मिनार, बाराव्या शतकातला. वर घोड्यावरून जाता यावं म्हणून आत पायऱ्यांऐवजी 35 उतरणी (रॅम्प) केल्या आहेत. पायऱ्या लागतात त्या अगदी शेवटी, थोड्याच. आई दुसऱ्या दिवशी थांबत थांबत वरपर्यंत गेली. तिकीट ऑनलाइन काढा, खिडकीवरची रांग उन्हात असते.