बॉयलरच्या कामावर परत जाताना

गळीत हंगाम संपला, बॉयलर थंड झाला की साखर कारखान्यात ऑफ सीझनची कामं निघतात. पातळ झालेल्या ट्यूब कापायच्या, नव्या बसवायच्या, इकॉनॉमायझरची (धुराच्या उष्णतेवर बॉयलरचं पाणी तापवणाऱ्या भागाची) गळती काढायची. पूर्वी मी हेच वेल्डिंगचं काम करायचो. मधली बरीच वर्षं घरच्या उसात गेली. आता शेत धाकटा भाऊ बघतो आणि मला माझ्या धंद्यात परत यायचंय.

जुनं सर्टिफिकेट जपून ठेवलंय, पण ते दाखवून कुणी कामावर घेणार नाही. एएसएमई सेक्शन नाइन या वेल्डिंगच्या अमेरिकन नियमावलीप्रमाणे वेल्डिंगच्या ज्या प्रोसेसमध्ये (पद्धतीत) 6 महिने हात चालवला नाही, त्यातली वेल्डरची पात्रता संपते. हा नियम मला मनापासून पटतो. त्या ट्यूबमध्ये दाबाखालची वाफ असते आणि आजूबाजूला माणसं वावरत असतात. टेस्ट नव्याने द्यायची, म्हणून शिरोली एमआयडीसीत तात्यांच्या शेडमध्ये रोज संध्याकाळी सराव चालू केलाय.

परत येणारे बरेच जण थेट आर्गॉनला, म्हणजे आर्गॉन वायूच्या आडोशाने करायच्या टिग वेल्डिंगला, हात घालतात, कारण त्याला हजेरी जास्त मिळते. माझं मत वेगळं आहे. आधी 7018 नंबरचा वेल्डिंग रॉड, तोही उभ्या प्लेटवर, खालून वर. 6013 चा रॉड जरा लांब धरला तरी सांभाळून घेतो, त्यामुळे हात बसलाय की नाही ते त्यावर कळतच नाही. 7018 ला आर्क (रॉडच्या टोकाची विजेची ज्योत) लांबला की लगेच पोरोसिटी येते, म्हणजे वेल्डमध्ये वायूची भोकं राहतात. रॉड जवळजवळ टेकवूनच न्यावा लागतो.

प्लेट 10 एमएमची घेतो. दोन्ही कडांना 30 अंशांचा बेव्हल (तिरका काप), मध्ये 3 एमएम गॅप. फिलिंगला (खाच भरायला) 3.15 एमएमचा रॉड 105-110 अँपिअरवर, होल्डर मशीनच्या प्लसला. एका कडेला क्षणभर थांबायचं, मधून झटकन जायचं, दुसऱ्या कडेला थांबायचं. कडेला थांबलं नाही तर अंडरकट (वेल्डच्या कडेला खाच), मध्ये रेंगाळलं तर वितळलेल्या धातूचं पाणी पोटासारखं सुटतं. हाताला हे लवकर आठवलं. नजरेला वेळ लागला. आर्कच्या उजेडाकडे न बघता पाण्याकडे बघायचं, आणि त्यातही धातूचं पाणी कुठलं, त्यावर तरंगणारा स्लॅग (कोटिंगचा वितळलेला थर) कुठला, हे ओळखायचं. ते दिसायला लागलं की रॉड आपोआप हवा तिथे जातो.

नजरेवरून एक सांगतो. चाळिशी लागली असेल तर हेल्मेटमध्ये काळ्या काचेच्या आतल्या बाजूला मॅग्निफाइंग लेन्स बसवून घ्या. स्वस्तात मिळते. ती लावल्यावर रूटमधलं (जोडाच्या तळातलं) की-होल, म्हणजे कडा वितळून पडणारं छोटं भोक, मला पहिल्यासारखं स्पष्ट दिसायला लागलं. हात थरथरतो असं वाटून धंदा सोडणारे मी पाहिलेत. त्यातल्या कितीतरी जणांना नुसतं नीट दिसत नसणार.

रॉडची हयगय मात्र करू नका. 7018 चं कोटिंग हवेतली ओल धरतं, त्या ओलीतून हायड्रोजन वेल्डमध्ये जातो आणि नंतर, सगळं गार झाल्यावर, आतल्या आत क्रॅक जातो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर उघडं पाकीट वापरूच नये. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, साधारण 300 ते 350 अंशांवर, रॉड भाजून घ्यायचे आणि काम करताना पोर्टेबल ओव्हनमध्येच ठेवायचे.

तात्या कॅपिंगकडे (वरच्या शेवटच्या थराकडे) बघतसुद्धा नाहीत. “वरचं राहू दे, मागची बाजू दाखव,” म्हणतात. मग वेल्ड केलेल्या प्लेटच्या पट्ट्या कापून प्रेसवर वाकवतो, एक तोंडाच्या बाजूने, एक रूटच्या. टेस्टला 3 एमएमपेक्षा मोठी फट उघडली तर पट्टी नापास होते. माझ्या शेवटच्या पट्ट्यांवर तात्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, “आता ट्यूब घे.”

म्हणजे आता आर्गॉन. ट्यूब 45 अंशांत बांधायची, रूट आर्गॉनने, वर रॉड. पण मोकळ्या स्टँडवर सराव करून बॉयलरमध्ये उपयोग नाही, तिथे शेजारच्या ट्यूबमुळे धड मनगटही फिरत नाही. म्हणून जॉबच्या दोन्ही बाजूंना भंगारातले दोन पाइप टॅक करून (वेल्डचे टाके मारून) घेतलेत. मागची बाजू आरशात बघून मारायची आणि जिथे उजवा हात पोहोचत नाही, तिथे आर्गॉनची टॉर्च डाव्या हातात घ्यायची.